कासव चालवा, कोड शिका!

क = ५. मग ख = क. मग क = ७. आता ख किती?

प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणारी बरीच मुलं बेधडक सांगतात, ‘७!’ शाळेत बरोबरचं चिन्ह म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, हे वर्षानुवर्षं घोटलेलं असतं ना! संगणक मात्र ‘क’ची त्या घडीची किंमत ‘ख’मध्ये ठेवतो आणि पुढे निघतो. उत्तर ५.

असा प्रश्न वर्गात टाकायचा. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याशी कडाडून वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी ही रीत भौतिकशास्त्राच्या वर्गात रुजवली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या शाखेत संगणकशास्त्राच्या चार विषयांना ती लावली, तर नापासांचं प्रमाण सरासरी २० टक्क्यांवरून ७ वर आलं! हा अभ्यास २०१३चा. त्याच वर्षी पवईच्या आयआयटीतूनही अशीच बातमी आली: एकट्याने विचार, जोडीने चर्चा, मग सगळ्यांसमोर मांडणी असं केलं, की भल्यामोठ्या वर्गातही सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली दिसली. मागचे बाकसुद्धा जागे!

न्यूझीलंडमध्ये २००६ साली डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी कोडची कोडी काढली. ओळी तयारच, फक्त उलटसुलट; त्या क्रमाने लावायच्या. अर्धविराम राहिला म्हणून रडारड नाही.

अमेरिकेतल्या हार्वे मड कॉलेजने पहिल्याच कोर्समध्ये जावाऐवजी पायथन आणली आणि कधीच कोड न लिहिलेल्यांची तुकडी वेगळी केली. त्यामुळे सगळं आधीच येणाऱ्यांपुढे बुजून गप्प बसणं थांबलं. इतर बदलांचीही जोड मिळाली आणि संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुलींचा वाटा काही वर्षांतच १० टक्क्यांच्या आसपासवरून ४० च्या घरात गेला. मला तर हीच सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते.

प्रोग्रॅमिंग उपजतच असावं लागतं, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. त्याला बळ देणारा एक निबंध २००६ साली खूप गाजला होता. रिचर्ड बोर्नाट या त्याच्या एका लेखकानेच २०१४ मध्ये तो जाहीरपणे मागे घेतला.

आणि कासव? १९६७च्या ‘लोगो’ भाषेने पुढे प्रसिद्ध केलेलं, पडद्यावर चालत मागे रेघ ओढणारं हे कासव पवईच्या आयआयटीतल्या अभिराम रानडे यांनी थेट सी प्लस प्लसमध्ये आणलं. ४ वेळा पुढे जा, दरवेळी ९० अंशांत वळ: झाला चौरस. आता ४ चे ५ आणि ९० चे ७२ करून बघा!