बसायचे पैसे कोण देतं?

लोधीखेड्याच्या माणसाला मराठी पुस्तक घ्यायचं तर नागपूर गाठावं लागतं. सावनेरमार्गे जायचं, सीताबर्डीत उतरायचं, दोन-तीन दुकानं पालथी घालायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचं. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर-पांढुर्ण्याच्या घरांत मराठी टिकली, कचेरीत हिंदी आली. 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर तालुका त्यात गेला, तरी पुस्तकाची बाजारपेठ बर्डीच राहिली.

इतक्या लांबून आलेला गिऱ्हाईक पुस्तक घाईने उचलत नाही. चार पानं वाचून पाहतो आणि थोडं बसायला जागा मिळाली तर पाहतो. दुकानदाराची अडचण इथूनच सुरू होते. बसलेला माणूस जागा अडवतो, आणि जागेचं भाडं कुणीतरी भरावंच लागतं. पुस्तकाच्या दुकानात चहा-कॉफी शिरली ती या हिशेबापायी.

मुंबईची दोन नामवंत दुकानं सिनेमा थिएटरांच्या सावलीत वाढली. केशवराव कोठावळे यांनी 1942 मध्ये सुरू केलेल्या मॅजेस्टिक बुक स्टॉलला नाव मिळालं ते गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमावरून. याच थिएटरात 14 मार्च 1931 रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला होता. पुढे मॅजेस्टिक प्रकाशनात उतरलं, 1964 मध्ये ‘ललित’ मासिक निघालं आणि जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळ’ने साहित्यिकांच्या फिरक्या घ्यायला सुरुवात केली. दुसरं दुकान टी. एन. शानभाग यांचं. 1948 मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात त्यांनी पुस्तकांचा छोटासा स्टॉल मांडला. थिएटरचं नाव दुकानाला चिकटलं आणि दुकान फोर्टमध्ये गेल्यावरही सुटलं नाही. शानभागांना 2003 मध्ये पद्मश्री मिळाली. सुंदराबाई हॉलमधला स्ट्रँडचा वार्षिक सेल म्हणजे मुंबईच्या वाचकांचा सणच होता.

या दुकानांत पुस्तकं उभ्याउभ्या चाळली जात. गप्पा लांबल्या की मंडळी बाहेर पडत आणि इराण्याकडे बसत. पुण्यात डेक्कनवर 1931 मध्ये इंटरनॅशनल बुक सर्व्हिस सुरू झालं आणि हाकेच्या अंतरावर 1935 मध्ये गुडलक हे इराणी हॉटेल. पुस्तक एकीकडे, बन-मस्का दुसरीकडे, अशी वाटणीच पडली होती. कपभर चहावर तासभर बसू देणारा इराणी पुस्तकवाल्याच्या वाचकांनाही नकळत पोसत होता.

ही वाटणी परदेशात आधी मोडली. वॉशिंग्टनच्या ‘क्रेमरबुक्स’ने 1976 मध्ये दुकानातच कॅफे काढला. पॅरिसचं ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ मात्र बराच काळ चहा-कॉफीशिवाय चाललं. जॉर्ज व्हिटमनने 1951 मध्ये उघडलेल्या या दुकानाला 1964 मध्ये ते नाव मिळालं आणि शेजारी कॅफे आला तो 2015 मध्ये.

आपल्याकडे निकड वाढली ती इंटरनेटमुळे. फ्लिपकार्टने 2007 मध्ये धंद्याची सुरुवात पुस्तकांपासूनच केली आणि 2013 मध्ये अ‍ॅमेझॉनचं भारतीय दुकान उघडलं. पुस्तकावर किंमत छापलेली असते. दुकानदाराला ती वाढवता येत नाही, आणि समोरचा तर ती घरपोच कमी करून देतो. जीएसटीचीही एक गाठ आहे. छापील पुस्तकावर हा कर नाही. वाचकाला ते सोयीचं, पण विक्रीवर करच नसल्यामुळे दुकानाच्या भाड्यावर भरलेला कर विक्रेत्याला वळता करून घेता येत नाही. तो त्याच्याच खिशातून जातो. चहाच्या कपाचा भाव मात्र दुकानदार स्वतः ठरवतो. गल्ल्यात त्या कपाचं वजन वाढलं ते म्हणून.

पुण्याच्या कॅम्पमधलं मॅनीज हे पुस्तकांचं दुकान 2012 मध्ये बंद झालं. त्याच शहरात, बाणेरला, थोड्याच काळाने ‘पगदंडी बुक्स चाय कॅफे’ हे ठिकाण सुरू झालं. नावातच चहा होता, आणि लोक तिथे बसायच्या तयारीनेच येत.

मुंबईत या प्रकाराचं ठळक उदाहरण म्हणजे ‘किताबखाना’. समीर आणि अमृता सोमय्या यांनी 2011 मध्ये फोर्टमधल्या सोमय्या भवनात ते सुरू केलं. उंच छत, लाकडी जिना, मराठी-हिंदी-गुजरातीला स्वतंत्र कपाटं आणि मागच्या बाजूला कॅफे. इमारत जुनी आणि घरचीच, त्यामुळे फोर्टच्या भाड्याचा ताण या दुकानावर नव्हता. नक्कल करणाऱ्यांच्या नेमकी हीच बाजू नजरेआड होते. 9 डिसेंबर 2020 रोजी दुकानाला आग लागली. टाळेबंदीतून धंदा जेमतेम सावरत होता, त्यात पुस्तकांचं मोठं नुकसान झालं. काही पुस्तकं ज्वाळांनी नेली, काही आग विझवणाऱ्या पाण्याने. तरी दहावं वर्ष पुरं होताना, मार्च 2021 मध्ये, दार पुन्हा उघडलं.

किताबखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं स्ट्रँड त्याआधीच, फेब्रुवारी 2018 मध्ये, मिटलं होतं. शानभाग 2009 मध्ये गेले, त्यानंतर दुकान नऊ वर्षं चाललं. ‘कॅफे असता तर वाचलं असतं’ असं म्हणणं सोपं आहे. पण टेबलं मांडायलाही जागा लागते, आणि स्ट्रँडची जागा पुस्तकांनाच पुरत नव्हती.

शहराबाहेर गणित उलटं मांडलं गेलं. साताऱ्याचं भिलार हे स्ट्रॉबेरीचं गाव 4 मे 2017 पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालं. कल्पना वेल्सच्या हे-ऑन-वायवरून घेतली, पण तिथे जुनी पुस्तकं विकली जातात आणि भिलारला घराघरात बसून फुकट वाचता येतात. पाहुणा वाचतो, मग जेवतो, मुक्काम करतो. पुस्तकाचा खर्च सरकारचा, जेवणाची कमाई घरमालकाची.

नाशिकजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर भीमाबाई जोंधळे यांचं हॉटेल आहे. लोक त्याला ‘आजीचं पुस्तकांचं हॉटेल’ म्हणतात. चहा-नाश्त्याची ऑर्डर येईपर्यंत गिऱ्हाईक मोबाइलमध्ये डोकं घालून बसतं, म्हणून टेबलांवर पुस्तकं ठेवली गेली आणि बघता बघता भिंती भरल्या. इथे वाचण्याचं बिल होत नाही. जागेचं भाडं कांदापोहे आणि मिसळ फेडतात.

नागपूर-छिंदवाडा रस्ता लोधीखेड्यावरून जातो. चहाची बाकडी तिथे आहेतच, आणि गाडीची वाट पाहणारी माणसंही. दिवाळी सरली की उरलेले दिवाळी अंक बर्डीत कमी किमतीत मिळू लागतात. दहा अंक आणि भिंतीवर एक फळी, एवढ्यावर एखाद्या टपरीवाल्याला या हिवाळ्यात सुरुवात करता येईल. बाकड्याचं भाडं त्याचा चहा आधीपासूनच फेडतो आहे.