मील्स रेडी : तमिळनाडूत स्वस्त आणि उत्तम कसं जेवावं

तमिळनाडूत चांगलं आणि स्वस्त जेवायचं तर आधी घड्याळ बघावं लागतं, पत्ता नंतर. सकाळी सहाच्या सुमारास इडली, वेण पोंगल, मेदूवडा, पुरी असा न्याहारीचा कारभार सुरू होतो. त्याला तिथं टिफिन म्हणतात. साडेदहा-अकराला तो आटोपतो आणि बाराच्या आसपास दारात ‘मील्स रेडी’ अशी पाटी लागते. तिथून तीन-साडेतीनपर्यंत भाताचं राज्य. चारनंतर कॉफीबरोबर वडे, भजी, बोंडे आणि सात वाजले की पुन्हा इडली, डोसा, इडिअप्पम, परोटा. भर दुपारी डोसा मागणाऱ्याला साध्या हॉटेलात बहुतेक वेळा ‘इल्लै’ एवढंच उत्तर मिळतं. रात्री आठला भाताचं पान मागणाराही तेच ऐकतो.

यामागचा हिशेब सरळ आहे. एका वेळी मोजकेच पदार्थ मोठ्या प्रमाणात रांधले की इंधन, मजुरी आणि नासधूस, तिन्ही कमी होतात. सांबाराचं पातेलं दोन-तीन तासांत रिकामं होतं, त्यामुळे ते गरम करून पुन्हा वाढायची वेळ येत नाही. स्वस्त आणि ताजं या दोन गोष्टी तिथं एकत्र नांदतात त्या यामुळे. अनोळखी प्रवाशाने एवढं जरी ध्यानात ठेवलं की त्या घटकेला शेजारच्या टेबलावर जे चाललं आहे तेच मागवायचं, तरी निम्मं काम झालं.

मराठी प्रवाशाची अडचण वेगळीच असते. दोन दिवस भात खाल्ला की त्याला पोळी आठवते. महाराष्ट्रातून निघणाऱ्या कित्येक सहलींबरोबर तर आपला आचारीच जातो, आणि मदुराईत उतरलेली माणसं वरण-भात-बटाट्याची भाजी खाऊन परत येतात. स्वतंत्रपणे फिरणारे रामेश्वरम किंवा कन्याकुमारीच्या देवळाजवळ ‘नॉर्थ इंडियन थाळी’ची पाटी शोधतात. हा पर्याय बहुतेक वेळा महागही असतो आणि बेचवही, कारण तिथल्या आचाऱ्याचा तो रोजचा हात नव्हे आणि गिऱ्हाईकही पुन्हा येणारं नसतं. पोळीवाचून अगदीच अडत असेल तर रात्रीच्या टिफिनमध्ये चपाती-कुर्मा बहुतेक ठिकाणी असतो. तो तिथल्या माणसांच्या रोजच्या खाण्यातला असल्यामुळे बरा निघतो.

दुपारचं जेवण मात्र भाताचंच करावं, आणि तेही ‘मेस’मध्ये. मेस म्हणजे आपली खानावळ. विद्यार्थी, एकटे राहणारे नोकरदार, कामानिमित्त गावात आलेले लोक यांच्यासाठी घरगुती चवीचं जेवण, अशी तिची मूळ कल्पना. आज तिथं कोणीही जेवतं, पण नाव आणि धाटणी तीच राहिली आहे. साध्या शाकाहारी मेसमध्ये पोटभर जेवण अजूनही साधारण शंभर-दीडशे रुपयांत होतं. ‘अळवु साप्पाड’ म्हणजे मोजून वाढलेलं जेवण आणि फुल मील्स म्हणजे हवं तेवढं. फुल मील्सच्या एका पानावर दोघांनी जेवलेलं चालत नाही.

बसल्यावर समोर केळीचं पान येतं. टोकाची निमुळती बाजू जेवणाऱ्याच्या डावीकडे. पानावर पाणी शिंपडून ते हाताने निपटायचं, ते काम गिऱ्हाइकाचं. मग वाढपी झपाझप फिरतात. वरच्या बाजूला लोणचं, पोरियल म्हणजे खोबरं घातलेली सुकी भाजी, कूटू म्हणजे डाळ घातलेली दाटसर भाजी, आणि अप्पळम, म्हणजे तळलेला उडदाचा पापड. खालच्या अर्ध्या भागात भाताचा ढीग. इथं नवखा माणूस चुकतो. तो एकदाच भरपूर भात घेतो, त्यावर सांबार ओतून घेतो आणि पोट भरून बसतो. खरं तर पानावरचं जेवण टप्प्याटप्प्याने पुढं जातं. आधी थोड्या भातावर डाळ आणि तूप, मग सांबार. त्यानंतर चिंचेच्या कोळातलं आंबट-तिखट कुळंबू, बऱ्याचदा सुकवलेल्या सुंडक्काय नावाच्या कडसर फळांचं. पुढे रसम आणि शेवटी ताक किंवा दही. दर टप्प्याला भात नव्याने घ्यायचा, म्हणून पहिल्यांदा मूठभरच घ्यावा. रसमच्या भाताचं आळं करून त्यात ते ओतलं की पानाबाहेर ओघळ जात नाही. ही कला कोकणात आमटी-भात जेवलेल्याला शिकवावी लागत नाही. पुरे झालं की पानावर हात धरून ‘पोदुम’ म्हणायचं. नुसतं मान हलवून भागत नाही, वाढप्याचा डाव तोवर खाली आलेला असतो. जेवण झाल्यावर पान आपल्या बाजूला मिटायचं.

मांसाहारी मेसची रीत थोडी निराळी, आणि खिशाच्या दृष्टीने ती समजून घेणं जास्त महत्त्वाचं. मदुराई, कारैक्कुडी, चेन्नई इथल्या अशा मेसमध्ये भाताबरोबर मटण, कोंबडी, मासे यांचे रस्से बहुधा जेवणाच्या दरातच येतात. रस्सा हवा तितका, त्यात फोडी मात्र नाहीत. फोडींसाठी वाढपी एक मोठं ताट घेऊन टेबलाशी येतो. त्यात मटण सुक्का, तळलेला मासा, कोळंबी, अंड्याचे प्रकार, लावा पक्षी अशा छोट्या बशा मांडलेल्या असतात. बोट दाखवलं की बशी पानाशेजारी येते, आणि बिल खरं तिथं वाढतं. नुसता रस्सा-भात आणि एखादी बशी एवढ्यावर थांबलेला माणूस उत्तम जेवतो आणि थोडक्यात सुटतो. चार बशा उचलणाऱ्याचं बिल जेवणाच्या दराच्या तिप्पट-चौपट होऊ शकतं. बशी घेण्याआधी ‘एव्वळवु?’ म्हणजे ‘कितीला?’ असं विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. तिथले लोकही विचारतात.

रात्रीचं खाणं बघायचं तर मदुराई. या शहराला न झोपणारं शहर म्हणतात ते उगाच नाही. देवळाभोवतीच्या ‘मासी’ नावाच्या रस्त्यांच्या पट्ट्यात आणि बसस्थानकांच्या परिसरात रात्री उशिरापर्यंत तवे तापलेले असतात. कोत्तु परोट्याची गाडी आधी ऐकू येते, मग दिसते. मैद्याच्या परोट्याचे तुकडे, अंडं, कांदा आणि रस्सा तव्यावर टाकून दोन लोखंडी पात्यांनी तालात ठोकून बारीक करतात, त्याचा खणखणाट गल्लीच्या टोकापर्यंत जातो. करी डोसा हा इथला आणखी एक प्रकार : जाडसर डोसा, त्यावर अंडं आणि वर मसालेदार मटण पसरून भाजलेला. एकाचं पोट एका डोशात भरतं. संध्याकाळी हातगाडीवर परुत्तिपाल मिळतं; सरकीच्या दुधात गूळ आणि सुंठ घालून केलेलं हे गरम पेय मराठी माणसाला ऐकून विचित्र वाटतं, पण प्यायल्यावर तसं वाटत नाही. जिगरठंडा मात्र आता इतकं प्रसिद्ध झालं आहे की त्याच्या दुकानांसमोर पर्यटकांचीच रांग असते. दूध, बदाम डिंक, नन्नारीचं सरबत आणि वर आईस्क्रीम असा तो ऐवज आहे. एकदा प्यावं, ठीक आहे.

इतर गावांची ओळख थोडक्यात सांगता येते. दिंडिगलची बिर्याणी सीरग सांबा नावाच्या बारीक, आखूड तांदळाची. लांब बासमतीची सवय असलेल्यांनी ती पहिल्या घासाला नाकारू नये. चेन्नई-बंगळूर मार्गावरच्या आंबूरच्या बिर्याणीबरोबर वांग्याचा आंबट रस्सा येतो. कांचीपुरमच्या वरदराज देवळातली इडली मिरी, जिरं आणि सुंठ घालून उकडलेली असते. श्रीविल्लिपुत्तूरचा पालकोवा आणि कोविलपट्टीची शेंगदाण्याची चिक्की या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’च्या पाट्या मात्र राज्यभर हमरस्त्यांच्या कडेला दिसतात. पितळी पेला-वाटी सगळीकडं सारखीच. कॉफी सारखी असेलच असं नाही.

खिसा अगदीच हलका असेल तर दोन सोयी आहेत. राज्यातल्या अनेक मोठ्या देवस्थानांत दुपारी मोफत अन्नदान होतं. सरकारच्या धर्मादाय खात्याने ही योजना 2002 मध्ये सुरू केली. शिवाय देवळातल्या प्रसादाच्या खिडकीवर पुळियोदरै म्हणजे चिंचेचा भात आणि गोड पोंगल थोड्या पैशांत विकत मिळतो. मदुराईजवळच्या अळगर कोविलचा प्रसाद तर चक्क जाड डोसा आहे. दुसरी सोय अम्मा उणवगमची. जयललिता मुख्यमंत्री असताना 2013 मध्ये चेन्नईत ही सरकारी उपाहारगृहं सुरू झाली. इडली 1 रुपया, सांबारभात 5 रुपये, दहीभात 3 रुपये असे तेव्हाचे दर होते आणि काम महिला बचत गटांकडे. महाराष्ट्रात 2020 मध्ये 10 रुपयांची शिवभोजन थाळी आली, तिच्या आधीची ही गोष्ट. अम्मा उणवगम मुळात कष्टकऱ्यांसाठी आहे, त्यामुळे पर्यटकाने गंमत म्हणून तिथली रांग वाढवणं बरं दिसत नाही. गरज असेल तर संकोच करू नये.

जागा निवडताना काही खुणा उपयोगी पडतात. सरकारी कचेऱ्या, न्यायालय, बाजारपेठ आणि मोठं रुग्णालय यांच्या आसपास दुपारी रोजचं गिऱ्हाईक असतं. तिथं वाईट जेवण फार दिवस चालत नाही. पाटीवर ‘सैवम’ असेल तर शाकाहारी, ‘असैवम’ असेल तर मांसाहारी. बऱ्याच हॉटेलांत वातानुकूलित दालनाचे दर वेगळे आणि जास्त असतात, अन्न मात्र एकाच स्वयंपाकघरातून येतं; पंख्याखाली बसावं. पिण्याचं पाणी गरम मागितलं तर फुकट मिळतं, ‘सुडु तण्णी’ म्हणायचं. हिंदीचा उपयोग कमी, मोडक्या इंग्रजीचा आणि बोटांचा जास्त. लांब पल्ल्याच्या बसगाड्या हमरस्त्यावरच्या ठरावीक ढाब्यांपुढे थांबतात, तिथं गिऱ्हाइकाला दुसरीकडं जायची सोय नसते, आणि जेवणही त्याच लायकीचं असतं. बस सुटण्याआधी गावातूनच इडली किंवा चिंचेचा भात बांधून घेणं शहाणपणाचं. केळीच्या पानात बांधलेला चिंचेचा भात दिवसभर टिकतो.

शेवटी पंचांग. साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पुरट्टासी महिना असतो. आपल्याकडच्या श्रावणासारखे तिथले अनेक हिंदू त्या महिन्यात मांसाहार सोडतात, आणि मांसाहारी मेसमध्ये वर्दळ आणि पदार्थ दोन्ही कमी होतात. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. म्हणजे मुलांच्या सुट्टीत, मे महिन्यात रामेश्वरमला जाणाऱ्या मराठी कुटुंबाला मासे कमी आणि महाग मिळतात. पश्चिम किनाऱ्यावरची बंदी 1 जून ते 31 जुलै आहे. ताज्या मासळीसाठीच जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीची तिकिटं काढावीत.