परिचारिकेचे पाहणे आणि शिकविणे

रुग्णालयात आपल्या माणसाला भेटावयास गेलो की आपला पहिला प्रश्न असतो, "कसं वाटतंय?" उत्तरही ठरलेले, "बरं आहे." फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ साली शुश्रूषेवर जे छोटेसे पुस्तक लिहिले, त्यात असल्या मोघम प्रश्नांवर चांगलेच कोरडे ओढले आहेत. झोप बरी लागली का, असे विचारू नका. किती तास लागली आणि रात्री कोणत्या वेळी लागली, हे विचारा, असा त्यांचा आग्रह. परिचारिकेची विद्या सुरू होते ती येथे.

पोटाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण घ्या. आत रक्तस्राव सुरू झाला तर रक्तदाब लगेच उतरेल, अशी आपली समजूत असते. पण शरीर हातापायांकडील रक्तवाहिन्या आवळून घेते, हृदयाची गती वाढविते आणि काही काळ दाब सावरून धरते. त्यामुळे दाबाचा आकडा चांगला दिसत असतानाच नाडी जलद होते, श्वास वाढतो, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. साठ किलो वजनाच्या माणसाची लघवी ताशी ३० मिलिलिटरच्या खाली गेली तर ती काळजीची खूण समजावयाची. रुग्ण उगाच पांघरूण ढकलू लागतो. नातेवाईक म्हणतात, "बाबा चिडलेत." जाणती परिचारिका मात्र डॉक्टरांना निरोप धाडते.

यांत सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे श्वास. स्वस्थ पडलेल्या प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात. कोणी मोजते आहे हे कळले की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून परिचारिका बोटे नाडीवरच ठेवते आणि नजर छातीवर नेते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली धोक्याची सूचना देणारी एक गुणपद्धती आखली. तीत श्वास २५ किंवा अधिक झाले की एकदम तीन गुण पडतात, आणि तेवढ्यावरूनही रुग्णाला तातडीने तपासावे लागते.

आता श्वास नीट मोजावयाचे तर पूर्ण एक मिनिट हवे. एका परिचारिकेकडे तीस रुग्ण असले तर एका फेरीत नुसत्या श्वासांनाच अर्धा तास लागला. कामाच्या भाराचे हिशेब मांडण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही. एका वॉर्डात मी ओळीने टांगलेले तक्ते पाहिले आहेत. प्रत्येकावर श्वास वीस! त्या मुलीला आळशी म्हणणे सोपे आहे. मी तिला किती खाटा दिल्या होत्या ते विचारले.

वेदनेचेही तसेच. "दुखतं का?" म्हटले की आपला कष्टकरी माणूस "नाही" म्हणतो. त्याला खोकावयास सांगा, कुशीवर वळावयास सांगा. चेहरा खरे बोलतो. दुखते म्हणून तो वरवर श्वास घेतो, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. यासाठी टाक्यांवर उशी दाबून कसे खोकावे, हे शस्त्रक्रियेच्या आधीच शिकवावयाचे असते. नंतर वेदनेत कोण शिकणार?

शिकविण्याची खरी परीक्षा घरी जाताना होते. "समजलं ना?" यालाही उत्तर ठरलेले. आमचा एक सोबती मधुमेहाचा रुग्ण. गोळी सकाळी जेवणापूर्वी, असे त्याला सांगितले होते. सिस्टरने विचारले, "दादा, घरी गेल्यावर गोळी कशी घ्याल, ते मला सांगा बरं." तो म्हणाला, "रात्रपाळीवरून आलो की गोळी घेईन नि झोपेन." म्हणजे साखर उतरविणारी गोळी पोटात आणि अन्न नाही! तिने डॉक्टरांना विचारून त्याच्या पाळीप्रमाणे वेळा बदलून घेतल्या, कागदावर लिहिल्या आणि पुन्हा त्याच्याकडून वदवून घेतल्या. मग वहिनींना जवळ बोलावून म्हणाली, "घाम सुटला, हात थरथरले, बोलणं भरकटलं, तर लगेच साखरेचं पाणी द्या. शुद्ध नसेल तर मात्र तोंडात काही घालू नका, तडक दवाखान्यात आणा."