धान्याची गाडी आणि आकाशातील घड्याळे

गोदामातून निघालेले स्वस्त धान्य दुकानी पोहोचण्यापूर्वीच वाटेत नाहीसे होणे, हे शिधावाटपाचे जुने दुखणे होय. छत्तीसगड राज्याने २००४ साली खाजगी व्यापाऱ्यांकडील दुकाने ग्रामपंचायती, सहकारी संस्था व बचत गट यांच्याकडे सोपविली. पुढे धान्य दुकानाच्या दारापर्यंत नेणाऱ्या मालमोटारींना पिवळा रंग दिला व त्यांवर जीपीएस यंत्रेही आली.

हे यंत्र स्थान कसे ओळखते? सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रह आपल्या अणुघड्याळांची वेळ अखंड प्रक्षेपित करीत असतात. तो संकेत येण्यास लागलेल्या वेळेवरून यंत्र उपग्रहाचे अंतर काढते. स्थानासाठी तीन उपग्रह पुरतात. चौथा यंत्राच्या साध्या घड्याळातील चूक सुधारतो. कारण सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूकही अंतरात ३०० मीटरांचा फरक पाडते. काढलेले स्थान मोबाइलच्या जाळ्यातून कार्यालयास कळते. म्हणून बस्तरच्या वाटेवर गाडी कोठे थांबली, हे रायपुरात बसून पाहता येते.

मात्र पोत्यात धान्य किती, हे उपग्रहास दिसत नाही. त्यासाठी दुकानातील वजनकाटा आणि शिधापत्रिकाधारकाची जागरूक दृष्टीच हवी.