फर्मवेअर अडकलं? राउटर लगेच भंगारात टाकू नका

घरातून धंदा करताय आणि अपडेट चालू असतानाच लाइट गेली, राउटर बंद! घाबरू नका. फर्मवेअर बिघडलं तरी आतला बूटलोडर बहुतेक वेळा शाबूत असतो, तोच नवी फाइल घेतो.

आसुसचा राउटर असेल तर मोबाइलच्या नेटवर कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचं फर्मवेअर आणि ‘फर्मवेअर रिस्टोरेशन’ टूल विंडोज लॅपटॉपवर घ्या. वाय-फाय बंद करून लॅन केबल जोडा. आयपी १९२.१६८.१.१०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० टाका. राउटर बंद करा, रीसेट दाबून धरूनच चालू करा. पॉवरचा दिवा सावकाश लुकलुकला की बटण सोडून टूलमधून फाइल अपलोड करा. राउटर पुन्हा सुरू होईपर्यंत वीज तोडायची नाही. मग आयपी परत ऑटोमॅटिकवर ठेवा.

पुढचं अपडेट काम संपल्यावर, यूपीएसवरच करा!