अतिथी, यजमान आणि परसंस्कृतीचे आकलन

प्रवासाने परसंस्कृतीचा परिचय होतो. आकलन होतेच असे नाही. प्रवासी परका समाज बाहेरून पाहतो. परक्या कुटुंबात राहणाऱ्या अतिथीला मात्र त्याच्या नित्य व्यवहारात सहभागी व्हावे लागते. आनंदीबाई जोशी यांचे अमेरिकेतील वास्तव्य या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळराव जोशी यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले होते. ते धर्मांतर सुचविणाऱ्या उत्तरासह एका मिशनरी मासिकात प्रसिद्ध झाले आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले. त्यांनी साहाय्य देऊ केले, परंतु धर्माची अट घातली नाही. पुढील तीन वर्षांच्या पत्रव्यवहारामुळे जून १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या, तेव्हा त्या अतिथी असल्या तरी अपरिचित नव्हत्या. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील भाषणात जाहीर केले होते. साडी आणि शाकाहार त्यांनी परदेशातही सोडला नाही. त्यामुळे समजून घेण्याचे दायित्व एकट्या अतिथीवर न राहता यजमानांवरही आले.

पंडिता रमाबाईंची दृष्टी याहून वेगळी आहे. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अमेरिकाविषयक ग्रंथात शासन, शिक्षण, गृहस्थिती, स्त्रियांची अवस्था यांचे विषयवार विवेचन आहे. तेथे समाज हा अभ्यासविषय आहे. आनंदीबाईंच्या पत्रांत तो एका घराच्या रूपाने भेटतो. पहिल्या दृष्टीला व्याप्ती आहे, दुसरीला जवळीक. एकीची उणीव दुसरी भरून काढते.

तथापि यजमानांच्या स्नेहालाही मर्यादा असतात. फिलाडेल्फियातील शिक्षणकाळात थंडी आणि आजार यांनी आनंदीबाईंची प्रकृती खालावली. मार्च १८८६ मध्ये त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. परक्या भूमीवर त्यांनी स्वतःच्या परंपरेचाच अभ्यास मांडला, ही गोष्ट लक्षणीय आहे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना स्थान मिळाले. हिंदू राहण्याचा निश्चय अखेरपर्यंत पाळणारी ही अतिथी एका ख्रिस्ती कुटुंबाची आप्त ठरली. आत्मीयतेसाठी भेद पुसावे लागत नाहीत, हेच यातून सिद्ध होते.