संगमरवर : शुभ्रतेमागील प्रकृती
चुनखडीचा दगड भूगर्भातील उष्णतेने व दाबाने रूपांतर पावून जो स्फटिकमय पाषाण सिद्ध होतो तो संगमरवर. ताजमहालाच्या इमारतीस ज्याने शुभ्रता दिली, तो मकराण्याचा त्यांतील नामांकित वाण होय. घनता घन सेंटिमीटरला सुमारे २.७ ग्रॅम, जलशोषण अल्प. परंतु काठिण्य मोसच्या श्रेणीत अवघे ३, म्हणजे चाकूच्या टोकाने सहज ओरखडा उठावा इतके. लिंबाचा सांडलेला थेंब वेळीच न पुसल्यास झिलई जाऊन निस्तेज डाग राहतो, हे संगमरवरी ओट्यावर स्वयंपाक करणारास सांगावयास नको. याहून विलक्षण दोष उष्णतेचा. संगमरवर मुख्यतः ज्या खनिजाचा बनतो त्या कॅल्साइटचा स्फटिक तापला असता एका दिशेस प्रसरण पावतो व तिच्याशी काटकोनात किंचित आकुंचन पावतो; त्यामुळे कणाकणांतील बंध सैल होऊन पातळ लाद्या, ओलाव्याची जोड मिळताच, धनुष्यासारख्या वाकतात. हेलसिंकीच्या फिनलंडिया सभागृहावर १९७१ साली चढविलेले इटलीतील काराराच्या संगमरवराचे आवरण असेच वाकले, १९९० च्या दशकाअखेर ते उतरवून पुन्हा काराराचेच बसविण्यात आले (हट्ट म्हणावा की निष्ठा!), आणि तेही वाकले.